अडीचशे प्रतींचं लेबल: आरहूलीच्या पद्धतीने लोकसंगीताची रेकॉर्ड कंपनी कशी चालवायची

नोव्हेंबर १९६० मध्ये कॅलिफोर्नियात आरहूली नावाच्या कंपनीची पहिली एलपी (लांब वाजणारी तबकडी) निघाली. गाणारा मॅन्स लिप्सकम, टेक्ससातल्या नॅव्हसोटा गावचा, पासष्टीचा कूळ-शेतकरी. त्याआधी त्याचा आवाज तबकडीवर आलेलाच नव्हता. रेकॉर्डिंग त्याच्या घरातच झालं होतं. प्रती काढल्या अडीचशे आणि वेष्टनांवरचे कागद मालकाने मित्रमंडळींसोबत स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाताने चिकटवले. हा मालक म्हणजे ख्रिस स्ट्रॅकविट्झ. १९३१ साली सायलेशियात जन्मलेला आणि १९४७ मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेला आलेला माणूस. त्याची कंपनी २०१६ पर्यंत स्वतंत्र राहिली, मग स्मिथसोनियन फोकवेजने, म्हणजे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या लोकसंगीताच्या लेबलाने, ती घेतली. २०२३ मध्ये तो वारला.

पंचावन्न वर्षं छोटं लेबल टिकलं, त्याला तबकड्यांची विक्री पुरेशी नव्हती. ते टिकलं दोन गोष्टींवर. गाण्यांच्या रचनेच्या हक्काचे कागद वेळेवर केले गेले आणि निघालेला माल बाजारातून सहसा मागे घेतला नाही. आज शाहिरी, गोंधळ, भारूड किंवा जात्यावरच्या ओव्यांचं लेबल काढू पाहणाऱ्याला याच दोन गोष्टी सर्वांत जास्त उपयोगी पडतील. माइक कुठला घ्यावा यावर लोक महिनोन् महिने वाद घालतात आणि करारनामा ध्वनिमुद्रणाच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री आठवतो. क्रम उलटा हवा.

भांडवल

स्ट्रॅकविट्झ शाळेत शिकवायचा. जुन्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या विकत घेऊन विकायचा आणि त्या पैशांतून दौरे करायचा. नोकरी त्याने १९६२ मध्ये, म्हणजे पहिली एलपी निघाल्यावर दोन वर्षांनी सोडली. तुम्हीही पहिली तीन प्रकाशनं होईपर्यंत नोकरी सोडू नका, आणि व्याजाने पैसे तर मुळीच घेऊ नका. लोकसंगीताचा माल हळूहळू, वर्षानुवर्षं खपतो. व्याज मात्र दर महिन्याला दारात उभं असतं.

काय ध्वनिमुद्रित करायचं

१९५९ मध्ये स्ट्रॅकविट्झ ह्यूस्टनला लाइटनिन हॉपकिन्स या ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं लोकगाणं) गाणाऱ्याला ऐकायला गेला. छोट्याशा बिअरच्या गुत्त्यात हॉपकिन्स त्या दिवसाच्या पावसावर, समोर बसलेल्या माणसांवर जागच्या जागी कडवी रचत होता. स्टुडिओतल्या रेकॉर्डवर यातलं काहीच येत नव्हतं. आरहूलीचं पुढचं काम याच दरीतून सुरू झालं.

तुमच्याकडची कसोटीही हीच ठेवा: हा माणूस गावात, त्याच्या श्रोत्यांपुढे जे करतो, ते आजवरच्या रेकॉर्डिंगमध्ये आलंय का? गोंधळ्याचा गण, आवाहन आणि आख्यान यातलं आख्यान सहसा कापलं जातं, कारण ते पाऊण तास चालतं. मग तुम्ही नेमकं तेच घ्या. चार मिनिटांच्या गाण्यांचं दुकान आधीच भरलेलं आहे.

कलावंताला मात्र अनेकदा नेमकं उलटं हवं असतं. त्याला कीबोर्ड हवा असतो, ऑक्टोपॅड हवा असतो, चालू चालीवरचं गाणं हवं असतं. क्लिफ्टन शेनिअर हा लुइझियानाचा अकॉर्डियनवादक. त्याला रिदम अँड ब्लूज करायचं होतं आणि स्ट्रॅकविट्झला त्याच्या मातीतलं फ्रेंच झायडेको, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांचं नाचाचं संगीत, हवं होतं. तोडगा निघाला तो दोघांचं थोडं थोडं ठेवण्याचा, आणि पुढे शेनिअर झायडेकोचा राजा म्हणून ओळखला गेला. तुम्हीही हट्ट धरू नका. कलावंताच्या आवडीची दोन गाणी आधी करून घ्या. माणूस मोकळा झाला की नंतरचं जुनं गाणं जास्त चांगलं येतं. शिवाय जे आपल्याला 'अस्सल' वाटतं, ते त्याच्या दृष्टीने आजोबांच्या काळातलं टाकून दिलेलं असू शकतं. त्याचं मत त्याच्यापाशी असू द्या.

घरात, ओसरीवर, देवळात रेकॉर्डिंग

लागणारं सामान: दोन एक्सएलआर माइक लावता येतील असा बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर, सारख्या जातीचे दोन छोटे कंडेन्सर माइक, दोन माइक एकत्र बसवायची आडवी पट्टी, एक जड स्टँड, बंद कानांचे हेडफोन, दोन मेमरी कार्ड, केसाळ वाराटोपी, बॅटरीचे तीन संच आणि दोन जाड गोधड्या. गोधड्या विसरू नका. त्यांच्याएवढं स्वस्त आणि कामाचं सामान दुसरं नाही.

सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, डब्ल्यूएव्ही ठेवा. तासाला साधारण १ जीबी जागा लागते. ९६ किलोहर्ट्झला दुप्पट लागते आणि ओसरीवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा काही फायदा कानाला कळत नाही. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज यंत्राच्या पडद्यावर उणे १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास थांबेल. कलावंत तपासणीच्या वेळी नेहमी हळू गातो आणि खऱ्या गाण्यात चढतो. म्हणून तपासणीला उणे १८ दिसलं तरी आवाजाची खुंटी वाढवू नका.

दोन माइकची टोकं १७ सेंटिमीटर अंतरावर आणि तोंडं ११० अंशांत बाहेर वळवलेली ठेवा. एक गायक आणि तुणतुणं असेल तर सुमारे ८० सेंटिमीटर ते १ मीटर अंतर पुरतं. ढोलकी, हलगी किंवा संबळ असेल तर माइक दोन-अडीच मीटर मागे न्या आणि वाजवणाऱ्याला गायकाच्या मागे बसवा. वाद्य जड झालं तर यंत्राला हात न लावता माणूस एक पाऊल मागे सरकवा. बर्कलीत १९६५ मध्ये स्ट्रॅकविट्झने एका पोरसवदा टोळक्याचं गाणं घेतलं, तेव्हा घरातल्या छताच्या दिव्याला एकच माइक टांगला होता आणि सगळे त्याभोवती उभे होते. त्या रेकॉर्डिंगकडे पुढे परत यायचं आहे.

झीलकऱ्यांची गोष्ट वेगळी. ते शाहिराच्या मागून ओळ उचलतात. दूर बसवले तर ओळ उशिरा पोचते आणि लय ओढल्यासारखी होते. त्यांना शाहिराच्या खांद्यालगत अर्धवर्तुळात उभं करा, नेहमी उभे राहतात तसंच.

जात्यावरच्या ओव्या घेताना बाईला नुसतं बसवून गायला सांगू नका. श्वास आणि लय जात्याच्या फेऱ्यावर बेतलेली असते. जातं फिरलं नाही तर ओवीची यती चुकते. रिकामं जातं दगडावर दगड घासल्याचा कर्कश आवाज करतं, म्हणून मुठीमुठीने धान्य घालत राहायला सांगा. जात्याची घरघर जमिनीतून स्टँडमध्ये चढते, त्यासाठी स्टँडखाली गोधडीची चौपदरी घडी घाला. माइक जात्याकडे न वळवता तोंडाच्या उंचीवर एक मीटरवर ठेवा. तरीही घुमलंच तर नंतर ६० हर्ट्झखालचं काढता येतं.

काय बिघडतं आणि का, ते पाहा. पत्र्याच्या खोलीत आवाज डब्यासारखा येतो, कारण समोरासमोरचे कठीण पृष्ठभाग आवाज परतवत राहतात. एका भिंतीवर गोधडी टांगा आणि गायकाला खोलीच्या मध्यावर न बसवता कोपऱ्याकडे तिरकं बसवा. एकसुरी गुणगुण येत असेल तर ट्यूबलाइटचा चोक, फ्रिज किंवा चार्जर शोधा. यंत्र बॅटरीवर घ्या आणि शक्य असेल तर घराचा मेन स्विच बंद करायची परवानगी मागा. पंखा बंद केल्यावर उन्हाळ्यात वीस मिनिटांत सगळे हैराण होतात, त्यामुळे सकाळची वेळ धरा. मोबाइल खिशातून बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवायला लावा. फोन सायलेंट असला तरी त्याची तडतड माइकच्या तारेत शिरते. डफ आणि दिमडी पावसाळी हवेत सैल पडतात. वादक ती शेकून घेतात आणि थोड्या वेळाने ती पुन्हा उतरतात, म्हणून जोरकस गाणी शेकल्याबरोबर उरकून घ्या. गाणं संपल्यावर 'वा!' म्हणायची घाई करू नका. शेवटचा नाद विरेपर्यंत थांबा, नाहीतर प्रत्येक गाण्याचा शेवट तुमच्या कौतुकाने कापावा लागेल.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव, सगळ्यांची पूर्ण नावं आणि वाद्यं तोंडी बोलून घ्या. गायिका गौहर जान १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं तेव्हा शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या. आज तीच घोषणा त्या तबकड्यांची ओळख झाली आहे. वही हरवते, कार्डवरचं बोलणं राहतं. अखेरीस सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती खोलीची शांतता घ्या. दोन तुकडे जोडताना ती लागते.

त्याच रात्री, झोपण्याआधी, कार्डावरून दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा आणि प्रत्येक फाइल मधोमध वाजवून बघा. कार्ड पुसायचं ते घरी पोचून तिसरी प्रत झाल्यावरच.

कागद: इथे घाई केली तर लेबल बुडतं

बर्कलीतलं ते टोळकं म्हणजे कंट्री जो मॅकडोनाल्ड आणि त्याचे साथीदार. गाणं व्हिएतनाम युद्धाची टर उडवणारं. काय द्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा स्ट्रॅकविट्झने पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी त्या रचनेचा प्रकाशन-हक्क आपल्या ट्रॅडिशन म्युझिक या छोट्या कंपनीकडे मागून घेतला. चार वर्षांनी ते गाणं वुडस्टॉकच्या महोत्सवात लाखोंसमोर गायलं गेलं, त्या महोत्सवावरच्या १९७० च्या चित्रपटात आणि त्याच्या संगीताच्या अल्बममध्ये गेलं. त्या प्रकाशन-हक्काच्या पैशातून एल सेरिटोमधली इमारत घ्यायला हातभार लागला. १९७६ पासून तिथेच आरहूलीचं डाउन होम म्युझिक हे दुकान चाललं.

यावरून एक फरक पक्का समजून घ्या. ध्वनिमुद्रण ही एक मालमत्ता आणि गाण्याची रचना, म्हणजे शब्द आणि चाल, ही दुसरी. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता असतो, म्हणजे तुम्ही. शब्द कवीचे आणि चाल संगीतकाराची. गाणाऱ्याचा सादरीकरणाचा हक्क आणखी वेगळा, पन्नास वर्षांचा. एकाच शाहिराच्या अंगी शब्द, चाल आणि सादरीकरण हे तिन्ही हक्क असू शकतात, म्हणून करारात तिन्हींची नावं वेगवेगळी घ्या.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ तोंडपाठ असू द्या. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच हवं. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मानधन किती हे यायला हवं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं धरलं जातं, म्हणजे लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी श्रोत्याला विकायचा हक्क तुमच्याकडे येतच नाही. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर तो परत जातो. आळशी लेबलांना हे कलम फार महागात पडतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रचनाकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. 'सर्व हक्क कायमचे' असं एका ओळीत लिहून घेणारे छापील फॉर्म अजून फिरतात. ते वापरू नका. ते अन्यायाचे आहेतच, शिवाय कोर्टात लंगडे पडतात.

प्रत्यक्षात असं करा. करार मराठीत, मोठ्या अक्षरात, दोन पानांचा ठेवा. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तो द्या. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला वाचू द्या. सहीच्या वेळी पूर्ण मोठ्याने वाचा आणि ते वाचन रेकॉर्ड करा. अंगठा असेल तर दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक कलावंताच्या बाजूचा. वारसाचं नाव आणि बँक खातं लिहून घ्या. लोककलावंत बहुधा उतारवयात सापडतात आणि पैसे यायला लागतात तेव्हा घरात विचारायचं कुणाला हेच कळत नाही. फडातल्या सगळ्यांचा वाटा आकड्यांत लिहा: शाहीर किती, ढोलकी किती, झीलकरी किती. 'आपसांत बघून घेऊ' या वाक्यावर फड फुटलेले आहेत.

आता 'पारंपरिक' या शब्दाकडे या. वेष्टनावर तो छापणं सोपं असतं आणि तितकंच धोक्याचं. एकनाथांचं भारूड कुणाच्याच मालकीचं नाही. पण तेच भारूड गाताना कलावंताने घातलेलं चालू काळाचं विवेचन त्याचं स्वतःचं आहे. पोवाडा तर सहसा कुणातरी शाहिराने लिहिलेलाच असतो. प्रत्येक गाण्यासाठी विचारा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाकडून शिकलात, त्यात तुम्ही काय घातलंत? उत्तरं जशीच्या तशी टिपा. रचनाकाराचं निधन होऊन साठ वर्षं उलटली नसतील तर वारसाची परवानगी लागते.

मिसिसिपीच्या फ्रेड मॅकडॉवेल या ब्लूज गायकाचं गाणं रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडने १९७१ च्या अल्बममध्ये घेतलं. स्ट्रॅकविट्झकडे कागद होते, म्हणून तो वकील घेऊन भांडू शकला. १९७२ मध्ये मॅकडॉवेल वारला, त्याआधी धनादेश त्याच्या हातात पडला होता. तबकडीवर नुसतं 'पारंपरिक' छापलेलं असतं तर भांडायला जागाच राहिली नसती.

दुसऱ्याचं गाणं नव्याने गाऊन काढायचं असेल तर कायद्यात कलम ३१-सी आहे. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटली की आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन ते काढता येतं. पण रॉयल्टी वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची भरावी लागते. अडीचशे प्रतींच्या लेबलाला हा रस्ता बंदच समजा. सरळ हक्कदाराला पत्र लिहा.

शेवटचं म्हणजे नोंदणी. शब्द-चालीच्या रॉयल्टीसाठी कलावंताला आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं) सभासद करा आणि फॉर्म तुम्ही भरून द्या. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक घ्या. तो गाण्याला नसतो, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला असतो. तेच गाणं पुढच्या वर्षी पुन्हा घेतलं तर क्रमांक नवा लागतो. जुनाच चिकटवला तर दोघांचे पैसे एकाच खात्यात जातात आणि ते वेगळे करता करता नाकी नऊ येतात.

प्रती आणि किंमत

उदाहरणादाखल धरा की दौरा, मानधन, मास्टरिंग (तबकडी काढण्याआधी ध्वनीवरून फिरवलेला शेवटचा हात), तबकडी, छपाई मिळून अडीचशे एलपींचा खर्च दीड लाख झाला. भागाकार करून माणूस म्हणतो, प्रत सहाशेला पडली. इथेच चूक होते. पंचवीस प्रती कलावंतांच्या, पंधरा समीक्षक आणि संग्रहालयांच्या, दहा वाकलेल्या किंवा चिरलेल्या. विकायला उरल्या दोनशे, म्हणजे प्रत साडेसातशेला पडली.

किंमत अकराशे ठेवा. दुकान तीस टक्के घेत असेल तर हातात ७७० येतात. कलावंताची दहा टक्के रॉयल्टी ११० वजा जाऊन ६६० उरतात. सगळा माल दुकानातून गेला तर तोटा. शंभर प्रती दुकानातून आणि शंभर थेट कार्यक्रमात किंवा टपालाने गेल्या तर ६६,००० अधिक ९९,००० मिळून १,६५,००० येतात. म्हणजे शिल्लक पंधरा हजार. तीही सगळ्या दोनशे प्रती विकल्या गेल्यावर, आणि टपालखर्च ग्राहकाने दिला तर.

यातून पोट भरणार नाही हे उघड आहे, म्हणून वरचा कागदांचा भाग एवढा लांबवला. पाचशे प्रती काढल्या तर प्रतीमागचा खर्च उतरतो खरा, पण तीनशे प्रती पलंगाखाली राहतात. आधी अडीचशे काढा, संपल्या की पुन्हा काढा. मास्टर (अंतिम तयार ध्वनिमुद्रण) आणि छपाईच्या फाइल्स जपून ठेवल्या असतील तर दुसरी खेप स्वस्त पडते.

एलपी पुण्या-मुंबईतला संग्राहक घेईल. कलावंताच्या गावात टर्नटेबल नसतो. तिथल्या लोकांना फाइल्स पेनड्राइव्हवर घालून द्या, फुकट. त्यांचीच गाणी आहेत.

तबकडी करून घेताना

एका बाजूला १८ ते २० मिनिटं धरा. जास्त भरलं तर चरे (सुई फिरते त्या खाचा) जवळजवळ येतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि खरखर वर येते. सुई आत आत जाते तसा चऱ्याचा वेग घटतो, म्हणून शेवटच्या गाण्यात 'स', 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात. टाळ आणि झांजांचं गाणं बाजूच्या सुरुवातीला घ्या आणि एकतारीवरचा अभंग शेवटी. अगदी खालचे सूर डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरना सारखे ठेवायला मास्टरिंगवाल्याला सांगा, नाहीतर संबळाच्या धुमावर सुई उडते.

कारखाना पाच-सहा चाचणी प्रती पाठवतो. त्या ऐकायला अर्धा दिवस राखून ठेवा. दर १.८ सेकंदांनी, म्हणजे तबकडीच्या दर फेऱ्याला, टक् होत असेल आणि सगळ्या प्रतींत त्याच जागी होत असेल, तर दोष साच्यात आहे, माल परत करा. एकाच प्रतीत असेल तर धूळ. तंबोरा किंवा तुणतुण्याचा सूर फेऱ्यागणिक वरखाली डोलत असेल तर मधलं भोक केंद्रापासून सरकलेलं आहे. पाश्चात्त्य ढोलताशात ते लपून जातं, आपल्या अखंड सुरात लगेच उघडं पडतं. कापड फाटल्यासारखा आवाज डाव्या किंवा उजव्या एकाच स्पीकरमधून येत असेल तर चऱ्यात प्लास्टिक नीट भरलेलं नाही. हे दोष लेखी कळवा, वेळ मिनिट-सेकंदात लिहून. 'आवाज बरोबर नाही' एवढ्यावर कुणी काही करत नाही.

माल आल्यावर खोकी उभी ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या प्रती वाकतात. विदर्भात मेमध्ये गच्चीखालची खोली आणि कोकणात पावसाळ्यात भिंतीलगतची जागा, दोन्ही टाळा. कागदी आतल्या पिशव्या ओल धरतात आणि बुरशी थेट चऱ्यात जाते. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पिशव्या थोड्या महाग पडतात, पण त्याच घ्या.

वेष्टन आणि पुस्तिका

कायद्याचं कलम ५२-ए सांगतं की ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष वेष्टनावर हवं. बाकी जागा तुमची. आठ पानी पुस्तिकेत गाण्यांचे पूर्ण शब्द बोलीत जसे गायले तसे छापा. 'सुधारू' नका. अवघड शब्दांचे अर्थ, विधीतली गाण्याची जागा, वादकांची नावं द्या. फोटो कलावंताच्या घरचा, त्याला आवडलेला असावा. फाटक्या कपड्यांतला फोटो शहरी ग्राहकाला भावतो आणि कलावंताला लाज आणतो. त्याने इस्त्रीचा फेटा बांधायचा म्हटलं तर बांधू द्या.

जुन्या तबकड्या पुन्हा काढताना

स्ट्रॅकविट्झने नव्या रेकॉर्डिंगबरोबर जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांची पुनर्प्रकाशनंही काढली. मेक्सिकन-अमेरिकन तबकड्यांचा त्याचा प्रचंड संग्रह पुढे अंकीय रूपात आला. मराठी नाट्यपदं आणि लावण्यांच्या तबकड्या चोरबाजारात आणि जुन्या वाड्यांत अजून मिळतात.

हक्काचा हिशेब आधी करा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९६० मध्ये निघालेली तबकडी २०२० अखेर मुक्त झाली. पण त्यातल्या पदाचा कवी १९७० मध्ये वारला असेल तर शब्द २०३० अखेरपर्यंत बांधलेलेच आहेत.

लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाका, मऊ ब्रशने चऱ्याच्या दिशेने पुसा, मधलं लेबल कोरडं ठेवा आणि उभी करून वाळवा. सुई ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची हवी. एलपीची बारीक सुई चऱ्याच्या तळाशी बसते, जिथे सगळा कचरा असतो. आणि सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ गतीने फिरत नाहीत. साथीच्या पेटीचे सूर आज ठरलेल्या पट्टीशी ताडून बघा, मग गती ठरवा. खरखर काढण्याचं सॉफ्टवेअर हलक्या हाताने वापरा. जास्त घासलं की गायिकेचा श्वासही जातो.

ऑनलाइन

वितरकाला डब्ल्यूएव्ही फाइल आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चित्र, तारखेच्या चार आठवडे आधी द्या. कलावंताच्या नावाचं देवनागरी आणि रोमन रूप एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा. एका अक्षराचा फरक पडला की यंत्र दोन वेगळे कलावंत बनवतं. यूट्यूबच्या आपोआप हक्क सांगणाऱ्या यंत्रणेत पारंपरिक चाली घालताना जपून. नाहीतर त्याच गावच्या दुसऱ्या गोंधळ्याच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा ठोकला जातो आणि गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मास्टर कुठे ठेवायचे

स्ट्रॅकविट्झने कंपनी हयातीतच स्मिथसोनियन फोकवेजकडे सोपवली. प्रत्येक प्रकाशन उपलब्ध ठेवायचं हे त्या संस्थेचं धोरणच आहे. तुम्ही पहिल्या प्रकाशनापासूनच एक संच बाहेर ठेवा. गुरुग्राममधलं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं लोकसंगीत-अभ्यास संग्रहालय १९८२ पासून क्षेत्रीय ध्वनिमुद्रणं सांभाळतं आहे. देताना ठेव-करारात लिहा: ऐकायला कुणाला, प्रत कुणाला, व्यापारी वापर कुणाच्या परवानगीने. सोबत कलावंताच्या कराराची, वारसाच्या नावाची आणि गाण्यागणिक टिपांची प्रत जोडा. आणि हार्डडिस्क वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, लावून फाइल्स उघडतात का ते बघा. पाच वर्षांनी नवी डिस्क घेऊन सगळं तिच्यावर हलवा.